‘माका कळता, पण बोलूक येणा नाय’ : जवळची बोली वरच्या पायरीपर्यंत कशी न्यावी?

मांगर

मंडळी, हा धागा त्यांच्यासाठी आहे ज्यांना घरची बोली पूर्ण कळते, पण तोंड उघडलं की प्रमाण मराठीच बाहेर येते. नवशिक्यांसाठी चार वाक्यं कुठेही मिळतात. मला त्याच्या पुढचं बोलायचं आहे, म्हणजे बोली येते असं वाटायला लागल्यावर जिथे गाडं अडतं तिथलं.

माझे वडील कुडाळ तालुक्यातले, गिरणीत कामाला म्हणून लालबागला आले. चाळीत आमच्या मजल्यावर अर्धी बिऱ्हाडं मालवणी बोलणारी. मोठी माणसं आपापसात मालवणी बोलायची आणि आम्हा पोरांशी मराठी. माझा भाऊ शाळेत ‘माका’ म्हणाला म्हणून बाईंनी त्याला वर्गापुढे उभं केलं होतं. त्याच संध्याकाळी वडिलांनी ठरवलं की मुलांशी ‘शुद्ध’च बोलायचं. आमच्या भल्यासाठीच ठरवलं. आज त्रेचाळिसाव्या वर्षी मला मालवणीतला टोमणा कळतो, शिवी कळते, आजाऱ्याच्या उशाशी हळू आवाजात बोललेलं कळतं. उत्तर मात्र मराठीत निघायचं.

गेली चार वर्षं मी नेटाने शिकते आहे. आते (वडिलांची बहीण, वय ८१) गावी असते, नेरूरपारच्या अलीकडे, कर्ली नदीच्या खाडीलगत. लावणीला तीन आठवडे आणि चवथीला दहा-बारा दिवस मी तिच्याकडे राहते, एरवी फोन.

पहिले सहा महिने झपाट्याने गेले. ‘खंय’ (कुठे), ‘थंय’ (तिथे), ‘कित्या’ (कशाला), ‘वांगडा’ (बरोबर) हे कानात होतंच, ते जिभेवर आलं. त्यानंतर मी जवळजवळ दोन वर्षं एकाच जागी उभी होते आणि उभी आहे हे मला कळलंही नव्हतं.

दूरची भाषा शिकताना माणूस अडतो. शब्द नसला की गप्प बसावं लागतं, आणि ते अडणंच पुढचं शिकवतं. मालवणीत मी अडतच नव्हते. शब्द आठवला नाही की मराठी शब्द घ्यायचा, शेवट बदलायचा. घोड्याचा घोडो होतो, पाहुण्याचा पावणो होतो, केळ्याचं केळां होतं, मग बाकीचंही तसंच होत असेल असं धरून चालायचं. समोरच्याला अर्थ कळतो, तो पुढे बोलतो, चूक कोणी दाखवत नाही. ‘मी गेलंय’ हे बाई आणि बाप्या दोघंही म्हणतात. मी कितीतरी दिवस ‘मी गेले’ म्हणत होते आणि एकानेही टोकलं नाही, कारण ते तर शुद्ध मराठी!

तिसऱ्या वर्षीची एक गोष्ट सांगते. मी आतेला नेहमी विचारायची, ‘ओहोटी कधी?’ ती म्हणायची, ‘ओहोटी साडेचाराक.’ एक दिवस शेजारीण कुंपणापलीकडून बोलत होती आणि आते तिला म्हणाली, ‘सुकती लागली.’ सुकती! हा शब्द मी लहानपणी शंभर वेळा ऐकलेला. आते दोन वर्षं माझ्याशी बोलताना तो बाजूला ठेवत होती, कारण मी ‘ओहोटी’ म्हणत होते. मी तिची बोली शिकते आहे असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात तीच माझी भाषा बोलायला लागली होती. त्या रात्री मला झोप आली नाही. बोली अशीच जाते का, या विचाराने.

मग मी बाहेर कुठे काय केलं गेलंय ते वाचायला लागले. कॅलिफोर्नियात १९९२-९३च्या सुमारास भाषाशास्त्रज्ञ लीॲन हिंटन आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषांसाठी झटणाऱ्या लोकांनी गुरू-शिष्य जोडीची एक पद्धत सुरू केली. एक ज्येष्ठ, एक शिकणारा. आठवड्याला दहा-वीस तास एकत्र, इंग्रजी बंद, फळा-पुस्तक नाही, स्वयंपाक-धुणी-फेरफटका जे चाललं असेल ते करत करत बोलायचं. असं तीन वर्षं. काही भाषांचे बोलणारे तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते, म्हणून मुलांच्या शाळा काढण्याआधी मधल्या वयाच्या माणसांना तयार करणं भाग होतं. मीही त्याच मधल्या वयाची आहे.

आतेला म्हटलं, आजपासून मराठी बंद. ती हो म्हणाली. दहा मिनिटांत समोरासमोर बसून ती पुन्हा मराठीत. विचारलं तर म्हणाली, ‘पावण्यांवांगडा शुद्ध बोलूचां लागता.’ समोर बसलेली मी तिच्यासाठी पाहुणी होते. हात कामात असले की मात्र ती विसरायची. तरवो (भाताची रोपं) काढताना कमरेत वाकून दोघी शेजारी असलो की तोंड पाहायचं नसतं, आणि तिथे ती घरच्यासारखी बोलते. बांगडे साफ करताना, मांगरात (शेतावरच्या खोपटात) गवत रचताना, मेरेवरून (बांधावरून) चालताना पण. माझ्या मालवणीतली निम्मी क्रियापदं मला चिखलात मिळाली आहेत.

दुसरं, ध्वनिमुद्रण. तिची परवानगी घेऊन, आणि घरातलं उणंदुणं आलं की बंद करून. रोज दहा मिनिटं पुरतात. ती दहा मिनिटं शब्दन् शब्द उतरवून काढायला माझे तीन-चार तास जातात. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेचं ‘इलॅन’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात आवाजाखाली ओळ लिहिता येते. नुसतं ऐकताना ‘कळलं’ म्हणून जे पुढे जातं, ते लिहिताना अडवतं. जे अडणं मला बोलताना मिळत नव्हतं, ते इथे मिळालं.

पायरी कशी मोजायची हेही मी माझ्यापुरतं ठरवलंय. बाजारात मासे घेता येणं ही खालची पायरी. फोनवर बोलता येणं त्याच्या वर, कारण हातवारे नाहीत. मग भांडता येणं. मग कोणाच्या घरी माणूस गेल्यावर ओसरीवर बसून दोन शब्द बोलता येणं, ते मला अजून जमत नाही. आणि सगळ्यात वर गाऱ्हाणां. देवळात गावकार जेव्हा ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरू करतो आणि वाडीतली माणसं दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, तेव्हा त्या एका दमात किती नाती, किती हद्दी, किती नवस येतात! ती भाषेची उंची आहे. मालवणी म्हणजे नाटकातले विनोद एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांनी एकदा गाऱ्हाणां ऐकावं.

तुमच्या बोलीत तुम्ही कुठे अडलात, आणि कसे सुटलात?

पानवेल

ओहोटी-सुकतीचा परिच्छेद वाचून गलबलून आलं. मी वसईची, घरची बोली सामवेदी. आम्ही तिला कादोडी म्हणतो. ख्रिस्ती कुटुंबं बोलतात तशी सामवेदी ब्राह्मणांची घरंही बोलतात, पण सगळं मिळून पट्टा लहान. मिस्सा (चर्चमधली उपासना) मराठीत, शाळा आता इंग्रजीत, त्यामुळे बोलीला उरलं स्वयंपाकघर आणि वाडी.

आणि वाडीच गेली तर? माझे आजोबा पानवेल आणि केळी करायचे. विहिरीवर रहाट होता. रहाटाच्या प्रत्येक लाकडाला, दोरीला, बैल फिरतो त्या वाटेलाही नाव होतं. पंप आला, रहाट निघाला, आणि आजोबांच्या पिढीनंतर ती नावं कोणालाच लागली नाहीत. मी बाबांना विचारलं तर त्यांना चार आठवली. चारच. म्हणून माझं म्हणणं असं की शब्द विचारत बसण्यापेक्षा वस्तू समोर आणावी. आम्ही भावंडांनी माळ्यावरून जुनी अवजारं खाली काढली, तेव्हा आजीला एकामागून एक नावं आठवत गेली, आणि नावांबरोबर भांडणंही आठवली, ती कादोडीतच!

सडा_८२

धागा मनापासून लिहिलाय, तरी वेगळं मत मांडतो. मी राजापूरकडचा. माझ्या वडिलांच्या बोलीमुळे त्यांना मुंबईत आयुष्यभर हिणवलं गेलं. ते ओझं मी मुलांना का देऊ? भाषा बदलतात. सुकती जाऊन ओहोटी आली तर समुद्राचं काय बिघडलं? तुमची चार वर्षं एखाद्या परदेशी भाषेला दिली असतीत तर तिने पोटही भरलं असतं.

अनुस्वार

मांगर, तुमच्यासारख्या बोलणाऱ्यांना अभ्यासात नाव आहे. नॅन्सी डोरियन यांनी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांत गेलिक भाषेचा अभ्यास केला. तिथे त्यांना अशी माणसं भेटली की ज्यांना सगळं कळत होतं, विनोदावर योग्य क्षणी हसू येत होतं, कोणाशी कसं बोलायचं याचं भान पक्कं होतं, पण वाक्य बांधताना रूपं ढासळत होती. त्यांना त्यांनी अर्धे भाषक म्हटलं. नाव थोडं बोचरं आहे, पण त्यातली आशेची बाजू पाहा. अशा माणसाला ऐकणं शिकवावं लागत नाही, रीतभात शिकवावी लागत नाही. परक्याला ज्याला दहा वर्षं लागतील ते त्याच्याकडे आधीच आहे.

एक दुरुस्ती सुचवतो. हिंटन यांची पद्धत इंग्रजीपासून फार दूरच्या भाषांसाठी बेतलेली आहे. तिथे हातवारे आणि कृती यांतून अर्थ पोचवणं हे मुख्य काम. तुम्हाला अर्थ पोचवायचा नाही, रूप पकडायचं आहे. म्हणून तुमचं लिहून काढणं हेच तुमचं खरं औषध, आणि तरवो काढणं त्याचा कच्चा माल.

शब्दसंख्येबद्दल : पॉल नेशन यांनी इंग्रजीसाठी हिशोब मांडला होता की बोललेलं ९८ टक्के कळायला सहा-सात हजार शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुळ) लागतात, छापील मजकुराला आठ-नऊ हजार. मोठ्या भाषेत ही भर कादंबऱ्या-वर्तमानपत्रं वाचून पडते. मालवणीत किंवा कादोडीत तेवढं छापील नाहीच. मग वरची पायरी गाठायला वाचनाच्या जागी काय, तर माणसं. एकच आते पुरत नाही. तिचं शेत तिला माहीत, पण रापणीवरच्या (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या) माणसाचे शब्द वेगळे, सुताराचे वेगळे, दशावतारातल्या नटाचे आणखी वेगळे.

सडा, तुमच्या वडिलांना हिणवलं गेलं हे चूकच होतं. पण त्यात दोष बोलीचा नव्हता. आणि बदलण्यात आणि तुटण्यात फरक आहे. युनेस्कोच्या तज्ज्ञगटाने २००३ साली भाषेची प्रकृती तपासायला नऊ कसोट्या दिल्या. पहिली कसोटी बोलणाऱ्यांच्या संख्येची नाही, एका पिढीकडून दुसरीकडे भाषा जाते का याची आहे.

खाडीपलीकडचा

मी चौलचा. माझा अनुभव आपल्या बोलीचा नाही, शेजारच्या भाषेचा आहे, म्हणून लिहावं की नको असं झालं होतं.

रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई. किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वस्तीत जी भाषा बोलतात तिला ते ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संसारातून झालेली. पोर्तुगीज १७४० साली चौलमधून गेले, पण भाषा तिथेच राहिली, घरात आणि होडीवर. बोलणारे हजाराच्या आसपास. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ साली अख्खा ग्रंथ लिहिला आहे. त्यातून मला कळलं की वाक्याचा क्रम आता मराठीसारखा झालाय, क्रियापद शेवटी. आणि मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी त्यांनी एक वेगळा चौथा गणच केला, उकारान्त. मूळ पोर्तुगीजचे तीन गण आणि हा आपल्याकडचा चौथा. ते वाचलं आणि मी बराच वेळ नुसता बसून होतो. माझ्या भाषेने शेजाऱ्याच्या व्याकरणात एक खोली बांधलीय आणि मला पत्ता नव्हता.

शिकायला गेलो तर मांगर यांच्यासारखीच अडचण, उलट्या बाजूने. मी एक वाक्य नौ लिंगमध्ये बोललो की मित्र हसून मराठीत उत्तर देतो. त्यांच्यातल्या प्रत्येकाला मराठी येते, मग माझ्यासाठी त्यांनी थांबावं का? शेवटी मित्राच्या आईने वाट दाखवली. म्हणाल्या, तू बोलू नकोस, जाळं विणताना पोरांमध्ये नुसता बस. दोन महिने बसलो. त्यानंतर ते माझ्यासमोर आपापसात बोलायला लागले, आणि मग मी मधे बोलायला लागलो.

वाडीवरचे_गुरुजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, रायगडात, सुधागडच्या बाजूला. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं कातकरी वाडीवरची. घरी कातकरी बोलतात. पहिलीत येतात तेव्हा पुस्तकातली मराठी त्यांना परकी.

मी पहिली दोन वर्षं त्यांना मुकी समजत होतो. हे लिहिताना मला वाईट वाटतं. मुलं गप्प बसायची आणि मी प्रगतिपत्रकात ‘मंद’ लिहायचो. मग एकदा ओढ्यावर त्यांना खेकडे पकडताना पाहिलं. एवढी बोलकी मुलं मी कुठेच पाहिली नव्हती!

त्या दिवसापासून मी कातकरी शिकतोय, सात वर्षं झाली. माझे गुरू सहा ते दहा वयाचे आहेत. मोठी माणसं माझी चूक सुधारत नाहीत, गुरुजींना कसं सांगायचं म्हणून. मुलं सुधारतात, जागच्या जागी, आणि त्यांना त्याचा केवढा आनंद होतो. मांगर, तुम्हाला चूक दाखवणारं कोणी नाही म्हणता ना? गावातली पाच-सहा वर्षांची पोरं धरा. ती शरम ठेवत नाहीत.

आणि वर्गात काय झालं ते सांगतो. मी त्यांच्या भाषेत चुकत बोलतो हे पाहिल्यावर ती माझ्या भाषेत चुकत बोलायला लागली. पूर्वी चुकण्याचं भय एकाच बाजूला होतं. आता पहिल्या दोन महिन्यांत गोष्ट कातकरीत, मग दोन्हींत, मग हळूहळू पुस्तक.

अडचणी आहेत. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या कामाला जातात, अर्धा वर्ग रिकामा होतो, पावसाच्या तोंडाला परत येतात. एका वरिष्ठाने तपासणीत विचारलं होतं की तुम्ही मुलांना मागे का नेताय. राज्यघटनेचं कलम ३५०अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीबद्दल बोलतं, ते मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, बदललं काही नाही. मी मात्र चालू ठेवलंय.

सडा_८२, ओझ्याबद्दल तुम्ही म्हणालात. माझ्या वर्गात ओझं मुलांच्या भाषेचं नव्हतं, माझ्या अडाणीपणाचं होतं.

मांडवीतीर

गोव्याहून नमस्कार. मांगर, आमच्याकडे कोंकणी १९८७ पासून राजभाषा आहे, १९९२ पासून राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात. पुस्तकं, कोश, विद्यापीठातला विभाग, सगळं आहे. जनगणनेत मालवणी कोंकणीखालीच मोजतात. तेव्हा वाचनासाठी देवनागरी कोंकणी पुस्तकं घ्या, पेडण्याची बोली तर तुमच्या दाराशी आहे. एवढंच सांभाळा की छापील कोंकणी मुख्यतः अंत्रूजच्या, म्हणजे फोंड्याकडच्या बोलीवर उभी आहे. तिने तुमच्या तोंडी बसू नये. आधी आते, मग पुस्तक.

सडा_८२

गुरुजी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझे वडील पंच्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं. काल त्यांना त्यांच्या बोलीत विचारलं, जेवलात का. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग इतकं बोलले की आई आतून बाहेर आली. माझ्या मूळ प्रश्नातला पोटापाण्याचा भाग मी मागे घेत नाही, तो खरा आहे. पण वडिलांचा आवाज कसा साठवायचा ते सांगा.

मांगर

सडा, आजच सुरू करा. चांगल्या यंत्राची वाट पाहू नका. फोन चालतो, फक्त पंखा बंद करा आणि फोन त्यांच्या छातीच्या उंचीवर, हातभर अंतरावर ठेवा. सुरुवातीला तारीख, गाव आणि कोण बोलतंय हे त्यांच्याच तोंडून घ्या. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत. इंटरनेटवर टाकण्याआधी त्यांना विचारा, आणि नको म्हणाले तर नको. ऐकू कमी येतं म्हणालात, तर प्रश्न विचारण्याऐवजी पानवेल सांगते तसं त्यांच्या हातात काहीतरी जुनं द्या.

अनुस्वार, एक आते पुरत नाही हे पटलं. ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन या बेटावर मांक्स भाषा जन्मतः बोलणारा शेवटचा माणूस, नेड मॅड्रेल, १९७४ साली वारला. त्याआधी तरुण हौशी मंडळी म्हाताऱ्यांकडे जाऊन शिकली होती, १९४८ साली आयर्लंडहून ध्वनिमुद्रणाचं पथकही येऊन गेलं होतं. २००१ साली तिथे त्या भाषेत चालणारी प्राथमिक शाळा निघाली. मधली सत्तावीस वर्षं ती भाषा फक्त शिकलेल्यांच्या तोंडी तगली. आपल्याकडे अजून शेकडो आत्या आहेत.

गुरुजी, पोरांची सूचना लगेच करून पाहिली. शेजारच्या घरातली नात सहा वर्षांची आहे. फोनवर मी म्हटलं, ‘मी उद्या येते.’ ती ओरडली, ‘येते नाय गो, येतंय!’

चवथीला बारा दिवस जाते आहे. या वेळी रापणीवरच्या एका काकांनी सकाळी बोलावलंय, आणि गावकारांना गाऱ्हाणां मुद्रित करायचं विचारलंय. ते म्हणाले, देवाला विचारून सांगतो. आल्यावर इथेच लिहीन.